मोजणी

मला पगार मिळतो माणसं मोजायचा.
गळ्यात पट्टा, अंगठ्याखाली एक खटका,
समोर फुटपाथवर मनातल्या मनात ओढलेली रेघ.
कुणी रेघ ओलांडली की खट्.
बाबागाडीतलं मूल : एक. कुत्रा : शून्य.
बसलेला माणूस, तो उठेपर्यंत, कुणीच नाही.

मंगळवारी मिनिआपोलिस, बुधवारी सेंट पॉल.
मध्ये नदी, आणि ट्रामची पाऊण तासाची चिकाटी.
लोक जुळ्या म्हणतात. मला वाटतात जावा :
चुली कधीच्या वेगळ्या,
तरी एकीच्या फोडणीचा दुसरीला ठसका.

मिनिआपोलिस उंच. निकोलेटच्या कोपऱ्यावर
मान मागे टाकली तर टोपी पडते.
काच काचेला आभाळ दाखवत बसते
आणि खाली जानेवारीतला रस्ता
पाहुणे येऊन गेल्यावरच्या दिवाणखान्यासारखा
आवरलेला, ओशाळलेला.
उणे एकवीस. तासाभरात चौदा.
त्यातले तीन रस्ता चुकलेले,
एक मीच, कॉफी आणायला गेले तेव्हाची.

माणसं आहेत. वर आहेत.
दुसऱ्या मजल्यावर, इमारतीतून इमारतीत काचेचे पूल,
त्यातून बाह्या दुमडलेले लोक
सूप सांडू नये अशा बेताने चाललेले.
मला ते कमरेपासून वर दिसतात,
जणू या शहराला अजून पाय फुटायचेत.
फॉर्मच्या चौथ्या पानावर ठळक लिहिलंय :
पुलावरचे धरू नयेत.
एकदा एका पोरीने वरून हात हलवला.
मीही हलवला. अंगठा आवरला.

सेंट पॉल बुटकं, विटकरी, थोडं खांदे पाडून उभं.
इथले रस्ते तिरके,
आखताना मागून कुणी हाक मारावी
आणि पट्टी सरकावी तसे.
पूल इथेही आहेत, पण दुपार कलली की सामसूम.
बर्फावर मीठ पसरलेलं,
दृष्ट काढून टाकावं तसं, मुठीमुठीने.
चार दुकानांत 'भाड्याने देणे',
पाचव्यात एल्डन स्कॉगस्टाड, जोडे दुरुस्त करतो.
खिडकीत एकेकटे बूट, न्यायला कुणी न आलेले.

तो बाहेर आला, मला आपादमस्तक न्याहाळलं,
म्हणजे मुख्यतः पाय.
"काय मोजतेस?"
सांगितलं. आकड्यावर दिवे ठरणार, बाकं ठरणार,
बसचा थांबा राहतो की जातो, तेही.
"सध्या किती?"
"नऊ."
तो आत गेला, कोट चढवला, आणि रेघ ओलांडली.
मग परत आला.
मग टोपी घालून गेला. टोपी काढून आला.
एकदा हातात बुटांची जोडी, गिऱ्हाइकाकडे निघाल्यासारखी,
एकदा नुसताच, नाक पुसत.
त्याच्या दाराशी नाल ठोकलेल्या टाचा
मिठावर करकरत होत्या.
एक माणूस एकदाच धरावा, असं कुठल्याच पानावर नाही.
मी शोधलं नाही, हेही खरं.
खट्. खट्.
सव्विसाव्या वेळी धाप लागून तो पायरीवर बसला
आणि नियमाप्रमाणे कुणीच राहिला नाही.

ऑफिसातून फोन : तीन ते चारच्या मध्ये एवढी वाढ कशी?
म्हटलं, वर्दळ होती.

निघताना त्याने माझे बूट काढायला लावले,
आत नमद्याचे तळ घातले, पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, मिनिआपोलिसची फरशी जास्त गार असते.
असते का? मला कधी फरक कळला नव्हता.
ट्राममध्ये धक्क्याने खिशातला खटका दोनदा वाजला.
ते दोघे कुठल्या शहराच्या खात्यात टाकायचे?

पुढचा मंगळवार. निकोलेट. अकरा वाजून गेले.
आकडा सहा. पाय, पहिल्यांदाच, ऊबदार.
वर पुलात कुणीतरी आतून काच पुसतंय,
गोल गोल, सावकाश,
आणि पुसलेल्या जागेतून
खाली बघतंय.